आलटून-पालटून

*कितो शहरातला एक मठ, सतराव्या शतकाच्या मध्यावर*

तीन वर्षं त्यांची, तीन वर्षं आमची.
रोमहून शिक्क्यानिशी हुकूम आलाय
की मठाचा कारभार आलटून-पालटून चालावा:
एकदा जहाजातून उतरलेल्यांनी,
एकदा इथल्या मातीत उपजलेल्यांनी.
ते पाच. आम्ही बासष्ट.
वाटणी निम्मी-निम्मी.

फादर उबाल्दो बुर्गोसचे. डोंगर चढून आले तेव्हा
विरळ हवेनं त्यांचं डोकं गरगरलं,
आठ दिवस आम्ही त्यांना खुर्चीवर उचलून प्रार्थनेला नेलं.
नवव्या दिवशी ते बरे झाले
आणि जेवणघरात माझ्या वरच्या बाकावर जाऊन बसले.
पंक्तिप्रपंच देवाच्या घरीही असतो,
आम्ही त्याला परंपरा म्हणतो.

त्यांनी सेव्हिलला पत्र धाडलं. त्याची नक्कल मीच केली,
कारण मठात माझंच अक्षर नेटकं.
'ही मुलं हुशार खरी, पण लवकर कोमेजतात.
दक्षिणेच्या ताऱ्यांखाली रक्त पातळ होतं.
शिवाय लहानपणी देशी दायांच्या अंगावर प्यालेली,
त्या दुधाचा गुण जात नाही.'
'दूध' लिहून मी थांबलो.
शाई वाळू दिली.
मग पुढचा शब्द लिहिला.

तिचं नाव सिसा. तिच्या भाषेत, फूल.
पदर नव्हता तिला, लोकरी शाल होती,
शालीला भाजलेल्या मक्याचा वास.
मी बोललो तो पहिला शब्द: यकू.
आई सज्जातून म्हणाली, आग्वा म्हण, आग्वा.
मी दोन्ही म्हणालो.
मला दोन पेले पाणी मिळालं.

बापाचं गाव त्रुहियो. तिथली विहीर, विहिरीवरचा अंजीर
मला तोंडपाठ आहे.
स्वप्नात त्या विहिरीचं पाणी प्यालोय,
चव लागली नाही.
वीस वर्षं ऑलिव्हच्या डोंगरावर प्रवचनं देतोय,
ऑलिव्हचं झाड पाहिलेलं नाही;
तेल येतं बुधल्यांतून, खवट झालेलं.
ईस्टरला वसंतावर बोलतो.
इथे वसंत कुठला,
इथे पाऊस, आणि पावसाचं थांबणं.
वर्षातून दोनदा, भर दुपारी,
अंगणात सावली तळपायाखाली शिरते,
ना उत्तरेला कलते ना दक्षिणेला.
तेवढा वेळ मी हलत नाही.

काल निवडणूक झाली. पाळी आमची.
पेटीतून माझं नाव एकोणचाळीस वेळा निघालं.
फादर उबाल्दोंनी गार ओठांनी माझा हात चुंबला.
भाषण मी कित्येक वर्षं घोळवून ठेवलं होतं.
'आम्ही या मातीचे,' मी म्हणालो,
आणि लोक उठून उभे राहिले म्हणून पुन्हा म्हणालो,
'आम्ही या मातीचे.'
तेवढ्यात घंटा वाजली.

घंटेवर लोरेन्सो असतो. सिसाचा मुलगा,
माझ्याहून अकरा दिवसांनी मोठा.
आधी माझं पोट भरायचं,
मग उरलंसुरलं त्याचं.
सगळी मिस्सा त्याला लॅटिनमध्ये कानानं पाठ,
चुकलं तर वरून खोकतो.
सोळाव्या वर्षी त्यानं अर्ज केला होता, मला झगा द्या.
अर्जाखाली दोन ओळी आहेत, रक्ताबद्दल.
नेटकं अक्षर.
कुणाचं ते मी ओळखतो.

रात्री जिना चढून गेलो. धाप लागली,
इथे जन्मून मला धाप लागली.
'आता तुमची तीन वर्षं ना, पाद्रीबाबा?'
मी म्हणालो, हो.
'दोर झिजलाय. नवा लागेल.'
मी म्हणालो, लिहून घेतो.
मग खोकला उसळला, थांबेना.
त्यानं अंधारात भांडं पुढे केलं.
यकू, म्हणाला.
मी भांडं घेतलं, आणि
कुणी न विचारता, सवयीनं,
म्हणालो, आग्वा.